तोंड झाकलेला वाटसरू

१

माझ्या पुतणीवर चोरीचा आळ आला. चोरी कशाची, तर एका कादंबरीच्या शेवटाची. दागिने नाहीत, गाडी नाही, शेवट! मला आधी हसूच आलं. पण पूर्वी ओट्यापाशी नळ सोडून नुसती उभी होती आणि रडत होती, ते पाहिलं आणि मी पुढे होऊन नळ बंद केला.

पूर्वी पुस्तकांची प्रुफं तपासते. वाकडला माझ्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत बसून दिवसभर लोकांच्या चुका काढते. तिला निम्म्याहून जास्त काम देतात ते दादासाहेब. त्यांचं प्रकाशन मधुसूदन टेंबे या गृहस्थांच्या जिवावर चालतं. टेंबे लिहितात ती मालिका म्हणजे 'गाठीचे प्रदेश'. नऊ देश, देशागणिक एक कादंबरी आणि एकीतली माणसं दुसरीत घुसलेली. मला असल्या पुस्तकांचा तिटकारा आहे. त्या देशात पीक काय येतं आणि शिपायांचा पगार कोण करतं हे लेखकाला ठाऊक नसतं, पण नकाशा मात्र पहिल्या पानावर छापलेला असतो.

त्यातली जादू अशी. माणसानं दोरीला गाठ मारताना एखादी गोष्ट मनात धरली की गाठ असेपर्यंत ती गोष्ट बदलत नाही. जन्मात एकच गाठ मारता येते. सुटली की संपलं. प्रत्येक भागात तोंडावर उपरणं ओढलेला एक वाटसरू येतो, दोन वाक्यं बोलतो आणि जातो. हा वाटसरू कोण, यावर शिकलीसवरलेली माणसं रात्रंदिवस डोकं फोडतात. याला ते थिअरी म्हणतात. मी म्हणते रिकामटेकडेपणा.

नवव्या भागात वाटसरूचं तोंड उघडं पडणार होतं. हस्तलिखित टेंब्यांनी दिलं, दादासाहेबांनी कपाटात ठेवलं, त्याची एक प्रत पूर्वीकडे आली. तिसऱ्या कुणाकडे नव्हती. आणि मग वाचकांच्या ग्रुपवर निमिष नावाच्या एका पोरानं लांबलचक थिअरी टाकली. वाटसरू म्हणजे तिसऱ्या भागातली नावाडीण हिरण्यरेखा. तिनं स्वतःच्या मरणालाच गाठ मारली होती, म्हणून ती नऊही देशांत, सगळ्या काळांत हिंडते. हस्तलिखितात तंतोतंत हेच होतं.

मी दादासाहेबांच्या ऑफिसात गेले आणि ते शेवटचं प्रकरण वाचायला मागितलं. त्यांनी समोर बसवून वाचू दिलं. हरलेले सैनिक नदीकाठी येतात, झाकल्या तोंडाच्या वाटसरूला ओळखतात आणि म्हणतात, "मामी, पलीकडे सोड." मग ती उपरणं काढते. एवढ्यासाठी नऊ पुस्तकं! मी पानं परत दिली.

दादासाहेब माणूस सभ्य, पण पैशापुढे त्यांचं पाणी होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की टेंबे भडकलेत, शनिवारी चऱ्होलीला त्यांच्या घरी पूर्वीनं यावं, शेवट आपल्याकडून बाहेर गेला असं लिहून द्यावं आणि माफी मागावी. नाही दिलं तर टेंबे पुण्यातल्या प्रत्येक प्रकाशकाला फोन करणार होते. म्हणजे लिहून दिलं तरी पूर्वी चोर आणि नाही दिलं तरी चोर. प्रुफं तपासणाऱ्या माणसाकडे विश्वासाखेरीज दुसरं भांडवल काय असतं? ते गेलं तर पोरीनं जगायचं कशावर?

मी जन्मभर चाकणला एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटी ऑडिट केलं. माल कुठे बिघडला हे शोधायचं तर आधी तो कुठून कुठून आला ते बघावं लागतं. मी निमिषला फोन लावला.

२

निमिष हिंजवडीत नोकरीला, राहायला आमच्याच वाकडमध्ये. मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात भेटला. त्याच्या टीशर्टावर गाठ छापलेली होती. मी हिरण्यरेखेचं नाव घेतल्याबरोबर तो जो सुरू झाला तो थांबेचना. कुठल्या भागात वाटसरूनं उजव्या हातानं पाणी प्यायलं, कुठे डाव्यानं, आणि त्यावरून काय काय ठरतं. लग्नाच्या वयाचा मुलगा, चांगला पगार, आणि डोक्यात हे. मी कॉफी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

मग मी विचारलं की पूर्वी नावाच्या मुलीला तो ओळखतो का. त्यानं नाव ऐकलंच नव्हतं. ग्रुपवर चोरीची बोंब झाल्यावर पहिल्यांदा कळलं म्हणाला. थिअरी त्याची स्वतःची, कित्येक महिन्यांच्या अभ्यासातून निघालेली, असंही म्हणाला.

मी म्हटलं, वा. मग तिसऱ्या भागात हिरण्यरेखा गाठ मारते ते प्रकरण काढून दाखव. त्याच्या बॅगेत नऊपैकी आठही पुस्तकं होती, नववं अजून छापायचंच होतं. तो पानं उलटत बसला. मागे गेला, पुढे आला, घाम पुसला. मी कंपनीत असे पुष्कळ इंजिनिअर पाहिलेत. रिपोर्टावर सही असते, पण मशीन कुठल्या शेडमध्ये आहे ते विचारलं की तोंडचं पाणी पळतं.

"तू हे पुस्तक वाचलेलं नाहीस," मी म्हणाले.

त्यानं आधी कव्हर मिटलं. मग सांगितलं की तिसरा आणि चौथा भाग त्यानं ऐकलेत. चाकणच्या एका कंपनीच्या बसमध्ये जयसिंग नावाचा माणूस मोठ्यानं वाचतो, फोनवर रेकॉर्ड करतो आणि ग्रुपवर टाकतो. कंपनीच्या कॅबमध्ये ट्रॅफिकात अडकल्यावर निमिष तेच कानात घालून बसायचा. आणि थिअरी? ती त्याच बसमधल्या पूनम नावाच्या बाईची होती. तो एकदा जयसिंगकडे चाकणला गेला तेव्हा तिनं तोंडी सांगितली होती. ह्यानं ती भारदस्त भाषेत लिहिली, नावाडणीचं पुस्तकातलं पूर्ण नाव घातलं आणि खाली स्वतःचं टाकलं.

म्हणजे चोर सापडला होता. फक्त तो भलत्याच चोरीचा निघाला. पूर्वीची सुटका यात कुठेच नव्हती, उलट टेंबे म्हणाले असते की पूर्वीनं त्या पूनमला सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी पूर्वीला गाडीत घातलं आणि चाकण गाठलं. शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर जयसिंग आणि पूनम आले. दोघं जवळपासच्या गावांतले, घरी शेती, पोटाला कंपनी. जयसिंग सुपरवायझर आणि आवाज असा की टपरीवाला आपोआप गप्प झाला. पूनम लाइनवर तपासणीला. तिनं पूर्वीकडे पाहून आधी विचारलं की जिच्यावर आळ आलाय ती हीच का. मग चहाचे पैसे तिनंच दिले.

मी सरळ विचारलं की ही थिअरी तुला कधी सुचली. पूनम म्हणाली, लई दिवस झालं, बसमधी सगळ्यांसमोर सांगितली होती. जयसिंगनं मान डोलावली. तो चालू केलेलं रेकॉर्डिंग खाली उतरेपर्यंत बंद करत नाही, म्हणून वाचून झाल्यावरच्या गप्पाही त्यात येतात. मग ते रेकॉर्डिंग लावा की, मी म्हटलं. पण फोन भरला म्हणून त्यानं जुनं सगळं पुसून टाकलं होतं, आणि ग्रुपवरही जुन्या फाइली टिकत नाहीत. माझं डोकंच फिरलं. जगातली सगळी बडबड जपून ठेवतात आणि उपयोगाची नेमकी पुसतात.

"मामी मेलीच न्हाई, मॅडम," पूनम समजावून सांगू लागली. "तिनं मरणाला गाठ मारली. दोरी हातात घिऊन व्हडीत बसली, आन् गेली. मंग मरंल कशी? त्योच वाटसरू."

"तुम्ही तिला मामी का म्हणता?" पूर्वीनं मध्येच विचारलं.

जयसिंग हसला. हिरण्यरेखा हे नाव धावत्या बसमध्ये वाचायला जीभ वळत नाही, आणि त्यांच्या कँटीनमध्ये एक मामी आहेत, त्याही अशाच तोंडाळ पण मनाच्या चांगल्या. म्हणून पहिल्या दिवसापासून तो नाव दिसलं की मामीच वाचतो. सगळी बस तेच म्हणते.

पूर्वीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं चहानं पित्त खवळलं. ती पूनमकडे वळली आणि हळूच म्हणाली, "पण ताई, हिरण्यरेखा तिसऱ्याच भागात मरते ना?"

पूनम जागची उठली. तिच्या घरातलं कुणी मेल्याची खोटी खबर दिल्यासारखं ती पूर्वीकडे बघत राहिली. जयसिंगनं डब्याच्या पिशवीतून पुस्तक काढलं. तिसरा भाग, कडा काळ्या पडलेल्या, जागोजागी पानांचे कोपरे दुमडलेले. पूर्वीनं नेमकं प्रकरण काढलं. नावाडीण दोरी हातात घेऊन होडीत बसते, तिथे पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्याखाली प्रकरणाचं अर्धंच पान शिल्लक होतं. त्या अर्ध्या पानात ती मध्यधारेत जाते, दातांनी गाठ सोडते, आणि सकाळी पलीकडच्या काठाला तिचं प्रेत लागतं.

"ह्ये राहिलंच," जयसिंग पुटपुटला.

कसं राहिलं ते त्यानं सांगितलं. बस गेटात शिरली की सिक्युरिटीवाला उतरायला लावतो, मग वाचन तिथंच थांबतं. कोपरा दुमडायचा आणि उतरायचं. दुसऱ्या दिवशी तो नव्या प्रकरणापासून सुरुवात करतो, कारण शिळं वाचलं तर लोक ओरडतात. अर्ध्या-पाऊण पानानं काय बिघडतंय, असं त्याला वाटायचं. म्हणजे आठ पुस्तकं या महाभागानं अशी वाचली होती. जिथं गेट आलं तिथं भोक पडलं, आणि त्या भोकांत बसून ग्रुपवरचे विद्वान थिअऱ्या काढत होते. पुस्तकात उत्तर छापलेलं होतं आणि हे त्याच्यावर रात्री जागवत होते. मी कपाळाला हात लावला.

गाडीत बसल्यावर पूर्वी म्हणाली की प्रुफं तपासताना ही चूक तिला दिसली होती. तिनं टेंब्यांना फोन करून विचारलंही होतं, सर, ही तर तिसऱ्या भागात मेली आहे ना? टेंबे तिच्यावर उखडले. तुला पुस्तक कळत नाही म्हणाले आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निमिषची थिअरी आली आणि टेंब्यांनी चोरीची बोंब ठोकली.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, माझीच चूक असेल," पूर्वी म्हणाली. "पुस्तक त्यांचं आहे."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याऐवजी मी पूनमला फोन करून शनिवारी सुट्टी टाकायला सांगितलं.

४

टेंब्यांचा बंगला चऱ्होलीत, नव्या सोसायट्यांच्या मधोमध. दिवाणखान्यात त्यांचाच मोठा फोटो. स्वतः टेंबे झुळझुळीत कुर्ता घालून बसले होते. दादासाहेबांनी कोरा कागद आणि पेन टीपॉयवर काढून ठेवलं होतं. पूर्वीबरोबर मी, निमिष, जयसिंग आणि पूनम आत शिरलो, तेव्हा टेंब्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि इतकी माणसं कशाला म्हणून विचारलं. वाचक आहेत तुमचे, मी म्हटलं. मग त्यांना बसा म्हणावंच लागलं.

पूर्वी कागदाकडे बघत होती. तिनं पेन उचललं, ते मला सहन होईना. मी टेंब्यांना म्हटलं की मी काही तुमची पुस्तकं वाचत नाही, वाचणारही नाही, पण एक शंका आहे. तिसऱ्या भागात ती नावाडीण शेवटी काय करते?

टेंबे खूश झाले. असल्या माणसांना स्वतःविषयी विचारलं की ते खूश होतात. त्यांनी डोळे मिटून सांगितलं की ती अमरत्वाची गाठ दोरीला मारते, दोरी हातात घेते, होडीत बसते आणि धुक्यात नाहीशी होते.

मी जयसिंगचं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दुमडलेल्या कोपऱ्याखालचं अर्धं पान वाचायला सांगितलं.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले की पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेलं कुणाला आठवतं, लेखकाची नजरचूक झाली, त्याचा चोरीशी काय संबंध? दादासाहेबांनीही लगेच मान डोलावली.

तेव्हा मी सांगितलं. कंपनीत दोन वेगळ्या भागांवर एकाच जागी सारखा ओरखडा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेले असतात. पूनम नावाडीण जिवंत समजते, कारण तिच्यापर्यंत ते अर्धं पान पोहोचलंच नाही. तिथं बसचं गेट आलं. आणि टेंबेही ती जिवंत समजतात, नेमकं तेवढंच अर्धं पान विसरून. पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यात कंपनीचं गेट कुठून आलं? आपलीच पुस्तकं वाचायचा कंटाळा, म्हणून हे ग्रुपवरची जयसिंगची रेकॉर्डिंगं ऐकत होते. त्याच्या शेवटी पूनमची थिअरी ऐकली. ह्यांच्याकडे शेवट नव्हता, तिच्याकडे होता. उचलला आणि लिहिला. पूर्वीनं फोन करून ती मेली आहे म्हटल्यावर पायाखालची जमीन सरकली. ही पोर खणत गेली तर सगळं बाहेर येणार. मग निमिषनं तेच ग्रुपवर टाकलं आणि ह्यांना आयती संधी मिळाली. आणि शेवट पूर्वीनं फोडला म्हणता? ती नावाडीण मेली हे या खोलीत आधीपासून फक्त तिलाच माहीत होतं.

टेंबे ताडकन उठले. आपण असलं कुठलंही रेकॉर्डिंग जन्मात ऐकलेलं नाही, असं त्यांनी दादासाहेबांना बजावलं.

मी पूर्वीकडे पाहिलं. तिनं मान वर केली.

"सर, शेवटच्या प्रकरणात सैनिक तिला मामी म्हणतात," ती म्हणाली. "छापलेल्या आठही भागांत तिला कुणीच मामी म्हणत नाही. निमिषच्या थिअरीतही हा शब्द नाही. मामी म्हणतात ते फक्त यांच्या बसमध्ये."

पूनमनं हळूच तोंडाला पदर लावला. तिला हे आत्ता कळत होतं. जयसिंगनं कँटीनच्या मामींची हकिकत दादासाहेबांना पहिल्यापासून सांगितली, त्याला एरवीही थोडक्यात बोलता येत नाही. टेंबे खाली बसले. दादासाहेबांनी त्यांना एकदाच विचारलं की ऐकलं होतंत का. त्यांनी हो म्हटलं, आणि लगेच पुढे म्हणाले की लोकांच्या तोंडचं घेऊनच सगळे लिहितात. म्हणे लोकांच्या तोंडचं! मग त्या लोकांच्या पोटावर पाय देताना लाज नाही वाटली?

दादासाहेबांनी टीपॉयवरचा कागद उचलला आणि स्वतःच लिहायला घेतलं. पूर्वीचा काही दोष नाही, तिच्यावर खोटा आळ घेतला गेला, असं लिहून सही केली आणि त्याचा फोटो निमिषला तिथल्या तिथे ग्रुपवर टाकायला लावला. पूर्वीनं तो स्वतःच्या फोनवर उघडून शेवटपर्यंत वाचला. मग एक स्वल्पविराम राहिलाय म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दादासाहेब लगेच धंद्यावर आले. पूनमचं नाव आभारात घालू, तिला मानधन देऊ, तिसऱ्या भागातलं ते अर्धं पान पुढच्या आवृत्तीत काढून टाकू, आणि पुस्तक ठरल्या दिवशी बाजारात. टेंब्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. निमिष तर आत्तापासूनच टाळ्या वाजवायच्या बेतात होता.

"न्हाई," पूनम म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मला म्हायती न्हवतं म्हनून मी तसं म्हनले. ती मेली, तर मेली. पान काडून ती जिती व्हती का?" तिनं टेंब्यांकडे तोंड केलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मंग सर, त्यो वाटसरू कोन हाय?"

टेंब्यांनी दादासाहेबांकडे पाहिलं. आठ पुस्तकं, एवढे देश, एवढ्या नद्या, आणि ज्याच्यासाठी लोकांनी आयुष्याची वर्षं घातली तो वाटसरू कोण हे या माणसाला ठाऊकच नव्हतं. कधीच नव्हतं. तोंड झाकलेला माणूस आणला की वाचक पुढचं पुस्तक घेतात, एवढंच ठाऊक होतं. जयसिंग मान खाली घालून बसला. आठ पुस्तकं मोठ्यानं वाचली होती त्यानं.

मग टेंब्यांनी घसा साफ केला आणि अगदी वेगळ्या, गोड आवाजात पूर्वीला विचारलं की तू सगळे भाग इतके बारकाईनं वाचलेस, तर तुला काय वाटतं?

पूर्वीनं पिशवी खांद्याला लावली.

"मला माहीत आहे तो कोण आहे," ती म्हणाली. "आठही भागांत दिसतं ते. पण तुम्हाला नाही सांगणार."

ती बाहेर जाऊन गाडीत बसली. तिच्यामागं पूनम धावलीच. मी चपला घालून पोहोचले तोवर मागच्या सीटवर जयसिंगही दाटीवाटीनं बसला होता. गाडी सोसायट्यांमधून बाहेर पडली तशी पूनमनं विचारलं, सांगा की ताई, कोन? पूर्वी म्हणाली, पहिल्या भागापासून सांगावं लागेल. आणि तिनं अगदी हळू आवाजात सुरुवात केली.

मी एसी बंद केला. त्याचा फार आवाज होत होता.